दुसऱ्या कंपनीचा चक

बारकीने ड्रिलचा जबडा पूर्ण उघडला, आत लांब स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि जोर लावून सुलट्या दिशेने फिरवला.

"अगं, आवळतेयस की काय?" दादा स्टुलावरून म्हणाला. "सोडायचाय तो."

"सोडतेच आहे."

"मग उलटा फिरव."

"दादा, तू लाकडाचं बघ. लोखंडाचं माझ्याकडे राहू दे."

टक् आवाज झाला आणि आतला स्क्रू सुटला. बॅटरीवरच्या ड्रिलच्या तोंडात एक स्क्रू लपलेला असतो आणि त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे ड्रिल मागे फिरवलं तरी चक, म्हणजे पुढचा जबडा, निखळून हातात येत नाही. चाळीस वर्षं सुतारकाम करूनही दादाला हे माहीत नव्हतं. त्याला ते ऐकवायची संधी बारकीने अर्थातच सोडली नाही.

बारकी ही दादाची धाकटी बहीण. वय चोपन्न, उंची भावापेक्षा चांगली चार बोटं जास्त, पण घरात पडलेलं नाव काही केल्या सुटत नाही, तसं तिचं झालं होतं. वडिलांचं लेथ मशीन तिच्याकडे आलं, कारण दादाला लोखंडाचा वासच सहन व्हायचा नाही. तो लाकडात रमला आणि ती पत्र्याच्या छपराखाली, तेलकट लेथपाशी रमली. वर्कशॉपच्या त्या गल्लीत तिला सगळे फिटिंगबाई म्हणायचे. तिने बसवलेला भाग हलत नाही, डुगडुगत नाही आणि परत येत नाही, अशी तिची ख्याती होती. ती ख्याती ती नाकावर माशी बसू न देता सांभाळत होती.

दादाने आणलेला डबा एका गिऱ्हाइकाने घर बदलताना त्याला दिलेला होता. आत चार छोटे चक आणि ते ड्रिलला जोडायचं एक बूड. एकेका चकात एकेक बिट, म्हणजे भोक पाडायचं किंवा स्क्रू पिळायचं टोक, बसवून ठेवायचं. मग काम करताना बुडावरचं कडं, म्हणजे कॉलर, मागे ओढली की एक चक निघतो, दुसरा ढकलला की बसतो. सोय झकास होती. पण डबा एका कंपनीचा आणि दादाचं ड्रिल दुसऱ्या कंपनीचं. बॅटऱ्या, छोटी करवत, घासायचं मशीन, सगळंच त्या दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे ड्रिल बदलायचा प्रश्नच नव्हता. आणि कंपन्या अशा हट्टी, की एकीच्या ताटातलं दुसरीला चालत नाही. ही सोयरीक जुळवायचं काम दादाने बहिणीवर टाकलं होतं.

त्याच्याकडे औषधांच्या एका दुकानाचं मोठं काम आलं होतं. भिंतभर खण, दोनशे चाळीस. प्रत्येक खणाला आधी बारीक भोक, मग स्क्रूचं डोकं बुडायला खळगा, मग स्क्रू. दर वेळी बिट बदला, चक हाताने सोडा, हाताने आवळा. यात दिवस जातो, म्हणून हे हवंय, वेळ वाचेल, असं तो सांगत होता. सांगताना त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले होते. बारकीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावून बसली होती, आणि व्हर्नियर हातात असताना समोर हत्ती येऊन उभा राहिला असता तरी तिने त्याच्या सोंडेचं माप घेतलं असतं, हत्ती पाहिला नसता.

चार दिवसांत तिने मधला तुकडा तयार केला. मागच्या बाजूला दादाच्या ड्रिलचे आटे, पुढे त्या परक्या चकांची दांडी जाईल असं भोक. जुन्या बुडातली स्प्रिंग, कॉलर आणि छर्रे काढून तिने त्यात बसवले. भोक तर असं नेमकं उतरलं, की चक आत जाताना मागची हवा दाबली जायची आणि बाहेर ओढताना फट् असा आवाज यायचा, बाटलीचं बूच उघडल्यासारखा. तो आवाज ऐकून बारकी स्वतःशीच हसली. तिने चक पंधरा वेळा काढला आणि पंधरा वेळा घातला. मग तुकड्याच्या कडेला आपली खूण म्हणून एक ठिपका ठोकला आणि दादाला बोलावलं.

दादा आला. तिने त्याला चक काढून दाखवला, घालून दाखवला, फट् ऐकवलं.

"फर्स्ट क्लास," दादा म्हणाला.

"करून बघ की."

"तू केलंस त्यात काय बघायचंय? साइटवर बघतो."

त्याने ड्रिल पिशवीत टाकलं, पिशवी मनगटात अडकवली आणि गेला. बारकीला जरा चुकल्यासारखं वाटलं. एरवी तिने केलेल्या कामात दादा काहीतरी खुसपट काढायचाच. भोकाला धार राहिली, रंग बरोबर नाही, काहीच नाही तर तेल फार लावलंस. खुसपट काढल्याशिवाय त्याला शाबासकी देता यायची नाही. नुसतं फर्स्ट क्लास म्हणून तो कधी उठला नव्हता.

दोन आठवडे त्याचा फोनही आला नाही. तक्रारीचा फोन नाही म्हणजे तुकडा चालला, असं दुसऱ्या कुणी समजलं असतं. बारकी भावाला ओळखून होती. एका दुपारी तिने लेथ बंद केला, हात धुतले आणि औषधांच्या त्या दुकानाकडे निघाली.

दुकानाच्या काचेला आतून जुने कागद चिकटवलेले होते. एका कोपऱ्यात कागद सुटला होता आणि तिथून आतलं सगळं दिसत होतं. बारकी दाराला हात लावणार, तेवढ्यात थांबली.

आत वहिनी खाली बसली होती. ड्रिल तिने दोन गुडघ्यांत धरलं होतं आणि कॉलरभोवती फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी ती मागे ओढत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. चक सुटला, तिने दुसरा ढकलला, तळव्याने ठोकून बसवला आणि ड्रिल वर केलं. एवढा वेळ दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. कानामागची पेन्सिल काढून त्याने भिंतीवर एक रेघ मारली, मग त्याच रेघेवर पुन्हा रेघ मारली. वहिनीने हाक मारल्यावर वळला, ड्रिल घेतलं आणि एक सरळ, स्वच्छ भोक पाडलं. मग ड्रिल तिच्या हातात देऊन तो परत भिंतीकडे वळला.

ड्रिल देताना त्याचा हात बारकीला दिसला. बोटांचे सांधे सुजून गाठीसारखे झाले होते. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपर्यंत पोचत नव्हतं.

ती दारातून मागे सरकली. काय करावं ते तिला सुचेना. आत जावं तर तो ओशाळेल, परत जावं तर पाय उचलत नव्हता. एवढ्यात वहिनी भुशाचं घमेलं घेऊन बाहेर आली आणि तिला बघून जागच्या जागी उभी राहिली. दोघी कोपऱ्यावर, दुकानातून दिसणार नाही अशा जागी गेल्या.

वहिनी हळू आवाजात सगळं सांगत गेली. थंडीपासून हे सुरू झालं होतं. मनगट चांगलं आहे, तळहात चांगला आहे, करवत चालते, रंधा चालतो. फक्त चिमटीत काही धरवत नाही. शर्टाची बटणंसुद्धा तीच लावून देते. डॉक्टर म्हणतात औषधं घ्या, पण गेलेली चिमूट परत येईलच असं नाही. आणि या माणसाने सगळ्या गावाला सांगून ठेवलंय, की ज्या दिवशी बिट दुसऱ्याकडून आवळून घ्यावं लागेल त्या दिवशी हत्यारं विकून टाकीन.

"मी बिट आवळते ते त्यांच्या हिशेबी दुसऱ्याकडून नाही," वहिनी म्हणाली. "मला म्हणतात, घरी कंटाळतेस म्हणून चल. मीही म्हणते, हो, कंटाळते."

"आता किती दिवस असं?"

"तेच ना. लेकीचे दिवस भरत आलेत. रोज फोन करते, आई, कधी येतेस म्हणून. आणि मी तिला काय सांगू? ह्यांना एकट्याला सोडून गेले तर दुसऱ्या दिवशी काम सोडतील. आणि काम सोडलं की ते काही उरायचे नाहीत, ताई."

बारकीने मान हलवली. तिला कसं तरी विचारायचंच होतं, म्हणून तिने विचारलं, की मग तो तुकडा काहीच कामाचा नाही का?

वहिनी संकोचली. "छानच आहे की तुकडा. फक्त घट्ट आहे."

तीस वर्षं बारकीने हा शब्द बक्षिसासारखा ऐकला होता. आज तो ऐकून तिला स्वतःची लाज वाटली. दादा तिच्यासमोर स्टुलावर बसला होता, खिशात हात घालून, आणि तिने त्याच्या हाताचं माप घेतलं नव्हतं. तुकडा तिने आपल्याच बोटांसाठी केला होता. घरी जाताना तिला दादाचा रागही आला, एवढंसं सांगायला काय झालं होतं याला, आणि राग संपायच्या आतच त्याची इतकी माया आली, की रस्त्यात थांबून तिला डोळे पुसावे लागले.

तुकडा परत कसा आणवायचा, यावर तिने रात्रभर डोकं चालवलं. हातांबद्दल बोलायची सोय नव्हती. काम चांगलं झालं असेल तर तो परत मागायला कारण नव्हतं. म्हणजे काम वाईट झालंय असंच म्हणायला हवं होतं. सकाळी तिने फोन लावला.

"दादा, त्या तुकड्यात माझी चूक झालीय. परत आण."

 पलीकडे दादा असा हसला, की त्याला ठसका लागला.

"चूक? तुझी? थांब, वहिनीला ऐकव, तिला बोलावतो."

"हसू नकोस. हल्ली बारीक आकडे नीट दिसत नाहीत मला. आणखी दोन कामं अशीच परत आलीत."

एकही काम परत आलं नव्हतं. दादाचं हसू मात्र थांबलं. अर्ध्या तासात तो तुकडा लावलेलं ड्रिल आणि चकांचा डबा घेऊन तिच्या दारात उभा होता, आणि खोड काढायची सोडून चष्म्याचं दुकान कुठे आहे ते सांगत होता.

तो गेल्यावर बारकीने अंगठा आणि पहिलं बोट चिकटपट्टीने तळहाताशी बांधून टाकलं. उरलेल्या हाताने चक काढून पाहिला. निघाला नाही. मग तिने पट्टी सोडली, भोक किंचित मोठं केलं, पट्टी बांधली, पुन्हा पाहिलं. असं दिवसभर चाललं. शेजारचा वेल्डर डोकावला आणि हाताला काय झालं म्हणून विचारून गेला. लागलं जरा, असं तिने सांगितलं. जुनी स्प्रिंग काढून तिने हलकी घातली. कॉलर तर नवीनच केली, बशीएवढी रुंद, म्हणजे चिमटीत धरायला नको, तळव्याने मागे रेटली की पुरे. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधलेल्या हाताने कॉलर रेटली आणि चक आपसूक मांडीवर पडला. फट् आवाज आला नाही.

मग तिने फिरताना किती डुगडुगतं ते दाखवणारा डायल लावून पाहिलं. चक फिरवला की काटा इकडून तिकडे हलत होता. लाकडात पाडायच्या भोकाला तेवढ्याने काही बिघडत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तो हलणारा काटा बघणं तिच्या जिवावर आलं. शिकाऊ असतानाही तिच्या हातून असं काम गेलं नव्हतं. ठिपक्यावरून तिने एकदा अंगठा फिरवला. कानशीने तो घासून टाकता आला असता. तिने राहू दिला. चारही चकांत बिटं मात्र तिने स्वतः आवळून ठेवली, अशी, की महिनाभर कुणाला हात लावायची गरज पडू नये.

संध्याकाळी दादा आला. तिने ड्रिल त्याच्यासमोर ठेवलं आणि मुद्दामच पाठ वळवून लेथ पुसायला लागली. मागून आवाज येत होते. चक पडल्याचा, बसल्याचा. पुन्हा पडल्याचा, पुन्हा बसल्याचा. बराच वेळ तेच चाललं होतं. तिने वळून पाहिलं नाही.

"बारके," शेवटी दादा म्हणाला, "ढिलं झालंय गं."

"झालंय खरं."

"हलतंय. बघ, डोळ्याला दिसतंय."

"मला नाही दिसत," बारकी म्हणाली. "एवढंच जमलं रे आता. चालेल का?"

 लहानपणी ती जिन्यावरून पडली होती तेव्हा दादाने जशा नजरेने पाहिलं होतं, तशाच नजरेने तो तिच्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, की लाकडाला चालतं, लाकूड काही तुझ्या लोखंडासारखं कडक नसतं. आणि ड्रिल पिशवीत न टाकता हातातच धरून गेला.

पुढच्या आठवड्यात वहिनी लेकीकडे गेली. जाताना तिने फक्त फोन केला, बॅग भरतेय म्हणाली. दादा एकटा साइटवर जात होता. एकदा बारकी त्या दुकानावरून मुद्दाम गेली, तर कागदाच्या फटीतून खणांच्या सहा नव्या ओळी दिसल्या. तिने दार वाजवलं नाही.

इकडे गल्लीत मात्र बातमी पसरली. स्वतःच्या हाताचं सोडलं, तर दादाच्या पोटात काही राहायचं नाही, आणि काळजी तर मुळीच राहायची नाही. जो भेटेल त्याला तो विचारायचा, डोळ्यांचा चांगला डॉक्टर माहीत आहे का, आमच्या बारकीला दिसत नाही हो. वेल्डरने चष्म्याचा सल्ला दिला. कॅन्टीनवाला चहा देताना कप तिच्या हातात नीट टेकवायला लागला. एका जुन्या गिऱ्हाइकाने पंपाचा दांडा दुसऱ्या वर्कशॉपला नेला, आणि समोरून जाताना मान खाली घातली. बारकी मूग गिळून बसली. त्या दांड्याचं तिला दोन दिवस वाईट वाटत राहिलं, तिसऱ्या दिवशी कमी झालं.

महिन्याभराने एका सकाळी दादा खांद्यावर फळी, काखेत खोका आणि हातात ड्रिल घेऊन वर्कशॉपमध्ये शिरला. दुकानाचं काम पुरं झालं होतं, नात झाली होती, आणि नातीचं नाक बारकीवर गेलंय अशी वहिनीची तक्रार होती. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. खोक्यातून त्याने एक दिवा आणि मोठं गोल भिंग काढलं. भिंगाला त्याने स्वतः लाकडाची चौकट केली होती, कडा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासलेल्या. हे लेथच्या वर बसवायचं होतं.

बारकी स्टुलावर चढायला लागली, तर त्याने दंड धरून तिला खाली उतरवलं.

"तू नको. पडशील. तू नुसती फळी धर."

तिने फळी धरली. दादा चढला. त्याने बारीक भोक पाडलं, तळव्याने कॉलर रेटली, चक खिशात पडू दिला, दुसरा ढकलला, खळगा केला, पुन्हा रेटली, स्क्रू मारला. हे करताना तो ड्रिलकडे बघतही नव्हता. तोंडाने नातीचं वजन, जावयाची धांदल, हॉस्पिटलमधली नर्स, असं सगळं अखंड चालू होतं. एकदा चक हातातून निसटला आणि घरंगळत गेला, तर तो स्वतःच खाली उतरून घेऊन आला. बारकीने फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ती त्याच्या हाताकडे बघत होती, आणि तो भिंतीकडे वळला की आणखी निरखून बघत होती.

काम झालं. दादाने दिवा लावला, भिंग लेथवर ओढलं आणि अंगावरचा भुसा झटकत म्हणाला, "हं, आता बघ. आधी तसं वाच, मग भिंगातून वाच. मला कळू दे, फरक पडतो का."

बारकीने कट्ट्यावरून व्हर्नियर उचलला, एका दांड्याला लावला आणि समोर धरला. आकडा तिला हातभर अंतरावरून लख्ख दिसत होता. आठ दशांश चार सहा. दादा स्टूल धरून वाट बघत होता.

"आठ दशांश..." ती म्हणाली, "चार... नऊ?"

तिने आजवर कुणाला चुकीचं माप सांगितलं नव्हतं. जीभ जरा अडखळली. दादाने मान हलवली, जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हलकेच भिंगाखाली वाकवलं. चार सुजलेली बोटं आणि न वाकणारा अंगठा तिला कुडत्यातून जाणवत होता. तिने एक डोळा मिटला. मग एकेक आकडा बोटाने दाखवत, सावकाश, तिने बरोबर माप वाचलं.